खाटेपाशी परीक्षा नाही

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली होती, अर्धी अजून वर्तमानपत्रावर पडून होती, तेवढ्यात शेजारच्या नाझनीनभाभींनी खिडकीतून हाक मारली, "यशोधरा, तुझ्या जेठांचा फोन हाय, ये लवकर." यशोधरा हात पदराला पुसत गेली. थोरला दीर सहादेव फोनवर एवढंच बोलला, "टेम्पो सांगितलाय. आईला आज गावाकडं नेतो. डोकं गेलंय तिचं, दवाखान्यात ठिवून उपेग न्हाई." आणि फोन ठेवून दिला.

मेथी तशीच राहिली. नवरा नागापूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, त्याला कळवायला कोण जाणार? तिनं दाराला कडी घातली आणि नगरची रिक्षा धरली.

डोकं गेलंय म्हणे! यशोधरेची सासू चांगुणाबाई. अक्षराची ओळख नाही, पण विहारातली सगळी वंदना तोंडपाठ. तिनं सूर धरला की मागं बायका म्हणायच्या. हापशाजवळच्या शेवाळावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मात्र म्हातारी भिंतीवर मुंग्या बघायला लागली, सलाईनची नळी ओढायला लागली, घरी चूल पेटती राहिली म्हणून उठायला लागली.

तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी यशोधरेला आणि सहादेवाला दोघांनाही समोर उभं करून सांगितलं होतं. "हे वेड नाही. म्हाताऱ्या माणसाचं मोठं ऑपरेशन झालं की अंगात दाह उठतो, त्याची धग मेंदूला लागते. बहुतेकांचं उतरतं. पण मेंदूला सांभाळायचं काम तुमचं. डोळ्यावर चष्मा असू द्या, पाणी पाजत राहा, दिवसा उजेड, रात्री झोप. जवळ घरचं माणूस. आणि त्यांना आणखी गोंधळात पाडू नका."

यशोधरेनं ते मनात गाठ मारून ठेवलं आणि तसंच केलं. काल सहादेवाची पाळी लागली म्हणून ती अंघोळीला, स्वयंपाकाला घरी आली. एका दिवसात सगळ्याची माती?

वॉर्डात शिरली तर खाटेभोवती गाव गोळा झालेलं. खिडकीचा उजेड सगळ्या पाठींनी अडवलेला. चांगुणाबाईची चुलतबहीण राहीबाई उशाशी बसून म्हातारीची हनुवटी धरून विचारत होती, "अगं चांगुणे, मला वळखलं का? सांग बरं मी कोन?"

चांगुणाबाई मिचमिच्या डोळ्यांनी बघत राहिली. डोळ्यावर चष्मा नव्हता.

"न्हाई वळखलं," राहीबाई सगळ्यांकडं बघून म्हणाली. "बरं, ह्यो कोन?" तिनं सहादेवाला पुढं ओढलं.

"हे... कोंडीराम," म्हातारी म्हणाली.

कोंडीराम तिचा नवरा, मरून कैक वर्षं झालेली. बायका चुकचुकल्या. सहादेवाचं तोंड पडलं.

"आता एवढं म्हन," राहीबाई काही सोडेना. "आपलं त्रिसरण म्हन. बुद्धं सरणं... पुढं काय?"

चांगुणाबाईनं हात जोडले. ओठ हलले. "बुद्धं सरणं... बुद्धं..." पुढचा शब्द येईना. ज्या बाईनं साऱ्या गावाला ते शिकवलं, ती चार माणसांत अडली. तिनं जोडलेले हात तोंडावर घेतले आणि भिंतीकडं मान फिरवली.

यशोधरा रोज सकाळी मैत्रीभावना करणारी. सगळे प्राणी सुखी होवोत, वैरी नसोत. त्या क्षणी तिला एकही प्राणी सुखी व्हावासा वाटला नाही.

"उठा," ती म्हणाली. "मावशी, तुमी पयल्यांदा उठा."

"आगं, मी भेटाया आलेय..."

"भेटाया आलाय का परीक्षा घ्यायला? तुमाला कुनी ऑपरेशन करून उताणं टाकलं आनि धा जनींनी विचारलं, मी कोन, मी कोन, तर तुमी सांगाल?"

"लई शिकल्यावानी बोलतीस गं," राहीबाई म्हणाली. "आमच्यात आजाऱ्याला असंच इचारत्यात."

"मग आजारी असंच मरत्यात."

यशोधरा थोरल्या दिराकडं वळली. एरवी त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई, तिनं हात पुढं केला. "चष्मा."

सहादेवानं सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढला. "फुटंल म्हनून ठिवला व्हता."

"फुटला अस्ता तर दुसरा आनला अस्ता, भाऊजी. आत्याचं डोकं कुठून आननार?" तिनं चष्मा म्हातारीच्या डोळ्यावर चढवला, ग्लासातून दोन घोट पाणी पाजलं. "टेम्पोवाल्याला परत लावा. आत्या हलनार न्हाई."

"मी थोरला हाय. मी ठरवीन."

"ठरवा. डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर सांगितलं हुतं, हे उतरतं म्हनून. तुमी ऐकलं न्हाई. कारन आई तुमाला इसरली याचा तुमाला राग आलाय. तिला काय झालंय ते बघायला तुमाला येळ न्हाई."

सहादेव बाहेर निघून गेला. सगळ्यांना वाटलं टेम्पो आणायलाच गेला. राहीबाईनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली, थांबली.

"मग बोलायचं तरी कसं, ते सांग."

"आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, आनि गप हात धरून बसायचं. एका येळी एक जन."

राहीबाई तोंड वाकडं करून परत आली. "चांगुणे, मी राही. तुजी चुलतबहीन. शिंगणापूरवरून आले." मग तिला राहवेना. "ही तुजी सून लई खाष्ट हाय बघ."

चांगुणाबाईची मान भिंतीकडून इकडं वळली.

टेम्पो आला नाही. सहादेव संध्याकाळी आला. खाटेपाशी उभा राहिला, यशोधरेकडं न बघता. स्वतःच्या आईला स्वतःचं नाव सांगायचं म्हणजे त्याच्या जिभेवर दगड ठेवल्यासारखं झालं. "आई, मी सहादेव. तुजा थोरला."

"बस," म्हातारी म्हणाली. ओळखलं की नुसतंच म्हणाली, कुणाला कळलं नाही.

पुढं रोज जो येईल तो दारातच नाव घोकत आत यायचा. वॉर्डातल्या आया हसायच्या. यशोधरा हसली नाही. मुंग्या कमी झाल्या, चूल विझली. एका सकाळी सहादेवानं नेहमीप्रमाणं "आई, मी सहादेव" सुरू केलं तर चांगुणाबाई म्हणाली, "ठावं हाय. कितीदा सांगशील?" तो खाली मान घालून चपला शोधत राहिला, त्या त्याच्या पायातच होत्या. मधला एखादा शब्द म्हातारीला अजून सापडत नाही. त्रिसरण ती एकटीच असताना पुटपुटते, कुणी जवळ आलं की थांबते. ते बघितलं की यशोधरेचा राग पुन्हा चढतो.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "आता पडून नको, उभं करा त्यांना." यशोधरेनं सहादेवाला खाटेपाशी बसवलं, काही विचारायचं नाही म्हणून बजावलं, आणि वॉकर भाड्यानं मिळतो का ते बघायला चितळे रोडला निघाली.