आईच्या दाराचं टेबल

मी जुनं लाकूड घेतो आणि विकतो. एखादी चाळ पाडायला निघाली की दारं, चौकटी, तुळया उचलायला मी सगळ्यांच्या आधी हजर असतो. भायखळ्याची वखार मी एकट्यानं उभी केली. घासाघीस मला कुणी शिकवली नाही. समोरच्यानं भाव सांगितला की हसायचं आणि चपला घालायला लागायचं, एवढंच.

लालबागची आमची चाळ पाडली तेव्हा तिथलं लाकूडही मीच घेतलं. आमच्या खोलीचं दार आणि त्याची चौकट मात्र विकली नाही. आम्ही सगळे झोपलेलो असताना आईला बसायला त्या दारापाशीच जागा उरायची. दाराला पाठ टेकून ती रोज पहाटे प्रार्थना करायची. त्या दाराचं मी प्रभुभोजनाचं टेबल करून घेतलं. दाराची फळी वर, चौकटीचे पाय खाली. आईच्या आठवणीसाठी म्हणून ते चर्चला अर्पण केलं. आयुष्यात बिनघासाघिशीचं मी तेवढंच दिलं.

माझा धाकटा भाऊ चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. सरकारी नोकरी, अँटॉप हिलला क्वार्टर, भाजीवाली सांगेल तो भाव देणारा माणूस. चर्चचं रंगकाम निघालं तेव्हा त्यानं कमिटीपुढे सांगितलं, टेबलाला वाळवी लागली आहे, बदलावं लागेल. त्यानं मला आधी फोन केला होता म्हणे. मी कुठल्याशा पाडकामावर होतो, उचलला नाही. पुढच्या रविवारी नवीन टेबल आलं, वर काच लावलेलं. आईचं दार मागच्या स्टोअररूममध्ये गेलं. चर्चच्या पायरीवर एकानं मला हसत विचारलं, "काय हो, वखारीत खपलं नाही ते देवाला दिलंत होय?"

लाकडातलं मला कळत नाही, हे माझ्या सख्ख्या भावानं चारचौघांत सांगितलं होतं.

तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसू लागलो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पंच तबक घेऊन बाकांपाशी येतात, त्यात भाकरीचे तुकडे आणि द्राक्षारसाचे छोटे प्याले असतात. शेवटच्या बाकांकडे माझा भाऊच यायचा. माझ्यासमोर थांबायचा आणि हळूच म्हणायचा, "दादा." मी खाली पाहायचो, काही घ्यायचो नाही. तो जरा वेळ उभा राहायचा, मग पुढे जायचा. पंचांपैकी दुसऱ्या कुणाला माझ्याकडे पाठवता आलं असतं, पण दर वेळी तोच यायचा. त्याचाही मला राग यायचा.

दोन वर्षं असं चाललं. शेवटी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "अर्पण देताना भावाचं मन दुखलेलं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूनं सांगितलंय."

"मन माझं दुखलंय," मी म्हणालो. "आणि माझं अर्पण तर त्यांनी स्टोअररूममध्ये ठेवलंय."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, प्रार्थनेत डोळ्यांतून पाणी काढता. देवावर एवढं प्रेम आहे ना? मग तो सांगतो तेवढं एक काम करा की. गाणी म्हणण्यापेक्षा स्वस्त पडेल."

टोमणा बरोबर बसला. शनिवारी संध्याकाळी मी अँटॉप हिलला गेलो. वाटेत मनात सौदा जुळवत होतो: आधी काय मागायचं, कुठं सोडायचं.

भावानं दार उघडलं आणि मला मिठीच मारली. मी म्हणालो, "समेट करायला आलोय."

"झाला, दादा. विषय संपला. मी तुला न विचारता कमिटीत बोललो, ते चुकलं माझं. माफ कर." त्यानं आत चहा सांगितला.

तिथंच मी उठून त्याचा हात धरायला हवा होता. पण माझा धंदा असा की समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की मला वाटतं, आपण कमी मागितलं.

"असं कसं संपला?" मी म्हणालो. "उद्या मंडळीपुढे उभा राहून सांग, वाळवी नव्हती."

"वाळवी होती, दादा. मी पाहिली. दुसरं काहीही सांग, करतो. चर्चमध्ये उभा राहून खोटं कसं बोलू?"

"म्हणजे मी खोटा?"

"तसं म्हणालो का मी?"

मी चहाचा कप सरकवला, सांडला. भावजय दारात उभी होती, तिच्यासमोर नको ते बोललो. आणि सवयीनं चपला घातल्या. सौद्यातून असा उठलो की लोक मला मागून हाका मारतात, थांबा शेठ, बसा. जिना उतरताना मी कान देऊन होतो. त्यानं हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी मी स्टोअररूम उघडायला लावली. जुनं लाकूड घेताना मी प्रत्येक पायात पेचकस खुपसून बघतो, विकणारा कितीही ओळखीचा असो. आईच्या चौकटीला मी तो कधी लावला नव्हता. आता लावला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. भिंतीतली ओल वर्षानुवर्षं प्यालेली चौकट होती ती. भुसा माझ्या बुटांवर पडला.

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तो महिन्याचा पहिला रविवार होता. तबक घेऊन दुसरेच पंच आले. भाऊ कुठं आहे म्हणून पाहिलं, तर तो पुढच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून. त्याच्यापुढूनही तबक तसंच पुढे गेलं. नंतर पाळकसाहेबांनी सांगितलं: भावाशी समेट होईपर्यंत तबक धरणार नाही, घेणारही नाही, असं त्यानं कळवलं होतं. आज्ञा मला सांगितली, आणि पाळली त्यानं.

त्यालाही बरेच महिने झाले. मला फक्त एवढंच म्हणायचंय, "वाळवी होती." रोज वखारीत लाकूड विकायला आलेल्याला मी हे शब्द सांगतो, पेचकस काढून दाखवतो. प्रार्थनेला बसलो की देवाला अजून म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि माझ्याच कानाला ते पोकळ लागतं. फोन हातात घेतो. दादा म्हणून तो पहिल्या रिंगला उचलेल, माफ करेल, काही मागणार नाही. त्यानं काहीतरी मागावं, मग मला देता येईल, असं वाटत राहतं. फोन मी खाली ठेवतो.

परवा पुन्हा पहिला रविवार आहे.