अर्धी टेकडी

ओल्या मुरमाचा वास आला की डोणगावजवळच्या शाळेतली ती सातवी आठवते. गावाचा नकाशा काढायला शिकवावा म्हणून मी, भूगोलाचा मोठा जाणकार, वर्ग मैदानात आणला होता. समोरच पोकलेन टेकडी खोदून मुरूम टिप्परमध्ये भरत होता. “सर, टेकडी पूर्ण काढू का अर्धी?” एका मुलीने विचारलं. “अर्धीच काढ वं, पेपरापर्यंत तेवढीबी राह्यत नाही,” मागून एक पोरगा म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. ती हसली नाही. “टेकडीत पानी जिरते, तुम्हीच सांगतलं ना सर? आमची विहीर तिच्या खालीच हाय. थांबवा ना त्याले.” वर्ग माझ्याकडे पाहू लागला, तसा मी रुबाबात हात वर केला. पोकलेनवाल्याला वाटलं, मास्तर रामराम करतायत. त्यानेही हसून हात हलवला आणि पुन्हा खोदायला लागला. आता एसटी तिथून जाते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत नाही.