चूलबंद अक्षत

आमच्या मास्तरांना अख्खं गाव देवमाणूस म्हणायचं. देवमाणसाबरोबर संसार करायला काय लागतं, ते मात्र मला कधी कोणी विचारलं नाही. आता विचारलंत तर सांगते.

माझं माहेर बेळगावचं, खासबागेतलं. तिथून लग्न होऊन मी आले ती निपाणीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून दोन मैल आत असलेल्या कुरणवाडीत. मास्तर तिथल्या बोर्डाच्या शाळेत हेडमास्तर होते, म्हणजे एकटेच होते. शाळा मारुतीच्या देवळामागे, एका खोलीची, आणि तिच्याच भिंतीला टेकून आमचं घर. गावात मी 'मास्तरीणबाई'. मास्तरांना मी 'अहो' म्हणायची आणि त्यांना माझ्याशी बोलायचं असलं की ते भिंतीकडे पाहून 'ऐकलं का' म्हणायचे. माझ्या नावाने हाक ऐकायची तर खासबागेला आईकडेच जावं लागे, आणि तेही वर्षातून एकदा. ही गोष्ट पस्तीस-छत्तीस सालची.

मास्तरांचा एक नेम होता. सुट्टी संपून शाळा उघडायची, त्या दिवशी ते पहाटे उठून उंबरा धुवायचे, दाराला तोरण बांधायचे, स्वतः रांगोळी काढायचे. मग कोट-रुमाल घालून, गूळ-खोबऱ्याची वाटी शेजारी ठेवून दारात हात जोडून उभे. का, तर पोरांना आणि त्यांच्या आईबापांना 'या' म्हणायला. आणि येणार कोण? बहुतेक आमची शेळी. दिवाळीनंतर तर विचारूच नका. शेतात भुईमूग काढायला आलेला, गुऱ्हाळं पेटलेली, घरचं प्रत्येक पोर कामाचं. आठवडाभर शाळेत पाच-सात टाळकी, त्यातली दोन झोपलेली.

मास्तरांनी उपाय कमी केले नाहीत. दवंडी पिटवली, तर लोकांना वाटलं सारा वसुलीला आलेत. निम्मं गाव शेतात जाऊन लपलं. मोठ्या पोरांना पाठवून दांडीबहाद्दरांची उचलबांगडी करून पाहिली. चौघे चार बाजूंनी धरून एकाला घेऊन निघाले, तर त्याची आजी उलथणं घेऊन मागे लागली आणि उचलणारेच वर्षभर शाळेत आले नाहीत. मास्तरांनी छडी कधी उगारली नाही. रागावणं हे खातं त्यांनी माझ्याकडे दिलं होतं.

त्या वर्षी श्रावणात डिपोटी आले. डिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. हे धारवाडकडचे होते, मराठीही चांगलं बोलायचे. रिकाम्या बस्करांकडे बघत ते म्हणाले, "हरिभाऊ, दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मी स्वतः येणार. पोरं दिसली तर ठीक. नाही तर ही शाळा पलीकडच्या गावाला जाईल. तुमचं नुकसान नाही. तुम्हाला बेळगावात घेतो, खासबागेजवळच जागा आहे."

मी आत चहा गाळत होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मास्तर मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. त्या शाळेच्या भिंती त्यांनी स्वतःच्या हातांनी सारवल्या होत्या. गावात कागद वाचू शकेल असा त्यांच्याखेरीज एक माणूस नव्हता, आणि शाळा गेली की पुढेही होणार नव्हता, हे त्यांना डाचत होतं. मला काय डाचत होतं ते मी स्पष्टच सांगितलं, "जाऊ दे ती शाळा. आपण खासबागेला जाऊ." ते भिंतीकडे बघत बसले.

दिवाळी संपली आणि एके दिवशी ते एकदम म्हणाले, "ऐकलं का, ही माणसं कशालाही नाही म्हणतील, पण लग्नाच्या अक्षतीला म्हणणार नाहीत." एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्यातले तांदूळ काढले, कुंकवात कालवले आणि भावकू गुरवाला बोलावलं. गावातली सगळी आमंत्रणं दारोदार पोचवायचं काम भावकूकडे असे.

"शाळेचं आवतण द्यायचंय, भावकू. घरोघर अक्षत ठेव."

भावकूने डोकं खाजवलं. "घरटी एक माणूस बोलवायचं, का चूलबंद करायचं, मास्तर?"

"घरटी एक कसं चालेल? घरातलं झाडून सगळं आलं पाहिजे."

"समद्या गावाला चूलबंद?"

"समद्या गावाला. एक घर सोडू नकोस."

भावकूने वाकून त्यांचे पाय धरले. मला वाटलं, विद्येबद्दल काय हा आदर!

शाळेच्या दिवशी सकाळी मी पाणी आणायला मागच्या दाराने बाहेर पडले आणि थबकले. गावावर धूर नव्हता. रोज या वेळी कौलाकौलांतून धूर निघायचा, आज एकही चूल पेटलेली नाही. नक्की कोणीतरी गेलं असणार. कुंपणापलीकडे गुणाबाई पोरीची वेणी घालत होती. मी हळूच विचारलं, "गुणाबाई, कोण गेलं हो?"

"कोण जातंय? समदी यायला लागल्यात की तुमच्याकडं!" गुणाबाई हसली. "चूलबंद आवतण हाय न्हवं? अक्षत घेतली की त्या दिशी घरात चूल पेटवायची न्हाय. पेटवली तर बोलावणाऱ्यासंगं भांडण हाय असं हुतंय. म्या तर काल सांजंलाबी बेतानंच जेवलोय. काय केलंया वो? हुग्गी हाय का?"

हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. आमच्या घरात ना गहू होते, ना गूळ. होता तो गूळ रांगोळीशेजारच्या वाटीत होता. घागर तिथेच ठेवून मी पुढच्या दारी पळाले.

"अहो, गाव जेवायला येतंय!"

"येतंय ना?" मास्तरांचा चेहरा उजळला.

"जेवायला! अख्खं गाव! घरात तांदूळ किती आहेत ठाऊक आहे? होते त्यातले अर्धे तुम्ही कुंकवात कालवलेत!"

त्यांना समजेपर्यंत गाव आलंच. पुढे म्हातारेकोतारे, मागे बायका, कडेवर तान्ही, दिवाळीला आलेल्या लेकी, त्यांना न्यायला आलेले जावई. पोरं दिवाळीच्या नव्या कपड्यांत. पाटी एकाच्याही हातात नव्हती, पण प्रत्येकाच्या काखेत पितळी आणि हातात तांब्या. पितळी म्हणजे आमच्याकडचं जेवायचं खोलगट ताट. जेवायला जाताना आपलं भांडं आपण न्यायचं, ही तिथली रीत.

मास्तर दारात हात जोडून "या, या" म्हणत होते, पोरांना गंध लावत होते, हातावर गूळ ठेवत होते. पहिल्या आळीलाच गूळ संपला. मग नुसतं "या, या". माझा संताप संताप झाला होता, आणि त्याच वेळी मला भरूनही आलं. सहा वर्षं तो माणूस रिकाम्या दारात हात जोडून उभा राहिला होता.

आता खरं सांगायचं तर मला काही करायचंच नव्हतं. आत जाऊन कडी लावली असती तर गाव उपाशी परत गेलं असतं, पुन्हा शाळेच्या वाटेला फिरकलं नसतं, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू मी खासबागेत केलं असतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं हे मला जन्मात जमलेलं नाही. मी पायरीवर जाऊन उभी राहिले.

"ऐका सगळ्यांनी! मास्तरांना पोरं शाळेत हवी होती. चूलबंद म्हणजे जेवण, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही आत्ता कळलं. घरात मोजून दोन माणसांचे तांदूळ आहेत. आता बोला!"

एका जावयाने हातातली पितळी पाठीमागे लपवली. भावकू रडवेला झाला, "म्हंजे म्या गावभर खोटं आवतण दिलं व्हय?"

तेवढ्यात गुणाबाई पदर खोचत पुढे आली. "तुमच्या घरात न्हाय, तर आमच्यात हाय की! पर आमची चूल आज पेटत न्हाय. तुमची पेटतीया न्हवं?"

"माझी पेटते."

"मग झालं तर! तुमच्या चुलीतला इस्तू द्या. त्यो जितं जाईल ती तुमचीच चूल!"

कायदा एकदम बरोबर होता. बायका घरी गेल्या आणि तांदूळ, डाळ, शेंगदाणे, मिरच्या, नव्या गुळाच्या ढेपा घेऊन आल्या. शाळेच्या पटांगणात तीन-तीन दगडांच्या चुली मांडल्या, माझ्या चुलीतला विस्तव खापरीतून प्रत्येकीत गेला. पुरुष लाकडं फोडायला लागले. आया इथे, बाप इथे, मग पोरांना शेतात कोण धाडणार? मास्तरांनी सगळी पोरं आत ओढली, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून बेच्या पाढ्याचा असा गलका उठला की माझ्या हातातली पळी थांबली. सहा वर्षांत त्या भिंतीतून असा आवाज आला नव्हता.

डिपोटी आले ते पळतच. हमरस्त्यावरून शाळेवर धूर दिसला, त्यांना वाटलं शाळा पेटली. पटांगणात येऊन, धापा टाकत, काय बोलावं ते न सुचून त्यांनी सवयीने कानडीत विचारलं, "ऊट आत?" म्हणजे, जेवण झालं का?

"इन्ना इल्लरी!" अजून नाही, असं सगळं पटांगण एका सुरात ओरडलं.

पंगती कशा बसवायच्या, कोणाशेजारी कोण, यावर कुरकुर सुरू झाली. तिथे मात्र मास्तरांनी आवाज चढवला, "इयत्तेप्रमाणे! मोठी माणसं सगळी पहिलीत!" साहेबही पहिलीतच बसले. भात, झणझणीत आमटी आणि गुळात घोळलेले शेंगदाणे. गुणाबाई तेवढी "हुग्गी ऱ्हायली" म्हणत होती.

हात धुऊन साहेब म्हणाले, "हरिभाऊ, आजचं सोडा. उद्या जेवण नाही. उद्या कोण येणार?"

मास्तरांना कधी खोटं बोलता आलं नाही. "सांगता येत नाही, साहेब," ते म्हणाले. साहेबांनी रुमाल डोक्यावर चढवायला घेतला.

आणि विहिरीपाशी भांडण पेटलं. बायकांनी सगळ्या पितळ्या गोळा करून राखेने एकदमच घासल्या होत्या. निपाणीच्या बाजारातल्या, एकसारख्या, आता सगळ्याच लखलखीत. "ही माझी!" "तुझी कशी, माझी!" लग्नात मिळालेल्या प्रत्येक पितळीवर नाव कोरलेलं होतं, पण ते वाचणार कोण? गुणाबाईची मालू दुसरीत होती, पाऊस पडला की शाळेत यायची. मास्तर पुढे व्हायच्या आतच तिने एक पितळी उचलून काठाशी बोट लावलं. "भा... व... कू. भावकू!" भावकूने पितळी छातीशी धरली. मग दुसरी. "रा... जा... बा... ई." ती नेमकी गुणाबाईनेच 'माझी' म्हणून काखेत धरलेली निघाली. हशा पिकला. आता जो तो आपल्या पोराला पुढे ढकलू लागला.

"तुला येतंय का वाचाय?"

"न्हाय."

"का न्हाय, रं?"

"तूच शेंगा तोडाय नेलंस की, आये!"

साहेबांचा रुमाल हातातच राहिला.

मालूने आणखी एक उचलली. ती अक्षरांवर अडखळत वाचू लागली. "क... ल्या... णी. कल्याणी." तिने वर पाहिलं. "कल्याणी कोण? गावात तर ह्या नावाचं कोन न्हाय."

मास्तर भिंतीकडे बघायला लागले.

"माझी आहे ती," मी म्हटलं. "आईने लग्नात दिलेली. साहेबांना तीच दिली होती जेवायला."

"अगं बया!" गुणाबाईने गालावर हात ठेवला. "मास्तरीणबाईस्नी नाव बी हाय व्हय!"

सगळं पटांगण हसलं. मीही हसले, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. धुराचं नव्हतं, उगाच कशाला सांगू.

दिवस कलायला आला तरी निम्म्या पितळ्या उरल्याच होत्या. मग मी काय केलं, तर तो ढीग उचलवून शाळेच्या खोलीत ठेवला आणि दाराला कुलूप ठोकलं. "उरलेल्या उद्या. ज्याची असेल त्याच्या घरच्या पोराने शाळेत यायचं, नाव वाचायचं आणि न्यायची."

"आणि ज्याच्या पोराला वाचाय येत न्हाय त्येनं?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्याने येईपर्यंत रोज यायचं."

साहेब पोट धरून हसले. "हरिभाऊ, इथे कुलूप लावायला मी आलो होतो. ते तुमच्या बाईंनीच लावलं. मग खासबागेची जागा दुसऱ्या कोणाला देऊ?"

मास्तरांनी त्या दिवशी भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली पदराला बांधत होते. "द्या," मी म्हटलं. ते म्हणताना आईची फार आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा उंबरा धुऊन व्हायच्या आत दारात घोळका जमला. मी आत चूल पेटवत होते. बाहेर कोणी दार वाजवत होतं, कोणी कुलूप ओढून पाहत होतं आणि त्या सगळ्या कालव्यातून मालूचा आवाज आला, "कल्याणीआक्का! कुलूप काढा की वो! पितळ्या पायजेत!"

मास्तर आत आले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, "ऐकलं का, कोणी कल्याणीआक्का म्हणून हाक मारतंय."

"ऐकलं," मी म्हटलं. "अजून एकदा मारू द्या. मग उघडते."