थायरॉईड, मी आणि परळीची आत्या

मला थायरॉईड कधीच नव्हता. (म्हणजे गळ्यात ती ग्रंथी होती, ती सगळ्यांनाच असते; आजार नव्हता.)

मी बीडला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. फिजिओलॉजीच्या चाचणीत सपशेल आपटले होते, आणि सरांनी भर वर्गात बजावलं होतं, "सोमवारी एका आजारावर बोलायचं, हातात कागद न घेता. यातही पडलीस तर परीक्षेला बसायचं विसर!" वाट्याला आला थायरॉईड. त्याच्या ज्या प्रकारावर बोलायचं होतं, त्यात ती ग्रंथी नको तितकं काम करत सुटते. (आमच्या घराण्यात असं वागणारी एकच व्यक्ती, परळीची आत्या!)

"घरात कुणाला असेल तर विचारा," असंही सर म्हणाले होते. म्हणून शनिवारी नेकनूरला घरी आल्या आल्या मी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधा प्रश्न टाकला : 'आपल्यात कुणाला थायरॉईड आहे का?'

चुकलंच. आमच्या भावकीत आजाराची चौकशी अभ्यासासाठी कुणी करत नाही. ज्याला झालाय तोच करतो! चहाला उकळी फुटायच्या आत आत्याचा फोन आला.

"कावून इचारायलीस गं?"

"आत्या, कॉलेजात सांगायचंय."

"कॉलेजात सांगायलीस अन् आमाला न्हाई?"

रविवारी सकाळी आत्या दारात हजर, हातात मोसंब्यांची पिशवी. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, त्यामुळं मागोमाग आळीतल्या बायका नारळ आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या. पाठांतरासाठी मी रंगवलेला तक्ता पलंगावर पसरला होता. त्यावर दोघी बसल्या.

"वैनी, पोरगी लई वाळली. तुमाला दिसंना का?"

"वन्सं, ती लहानपणापासून अशीच हाय," आई म्हणाली.

"मंग लहानपणापासूनच असंल!"

माझा संयम सुटला. बायकांच्या खालून तक्ता ओढून काढला आणि ओरडले, "ऐका! यात छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते. यातलं काय आहे मला?"

आत्यानं शांतपणे माझा हात धरला. तो थरथरत होता! (दुसऱ्या दिवशी सरांपुढं उभं राहायचं होतं, थरथरणार नाही तर काय?)

"वैनी, हात बगा. घाम बगा. अन् चिडचिड तर सगळ्यांनी ऐकलीच."

मग मोसंबी सोलून भरवायचा सपाटा सुरू झाला. अभ्यास राहिला बाजूला आणि मला खरंच रडू फुटलं. परीक्षेला बसू दिलं नाही तर वर्ष जाणार होतं. त्यात आरशापुढं उभी राहून मी हळूच गळा चाचपला. न जाणो, आत्या खरी निघाली तर!

सोमवारी आत्या माझ्याबरोबर एसटीत चढली. "तुजे सर डाक्टर हायेत न्हवं? त्यांनाच दाखवते." मी वर्गासमोर, आत्या वर्गाच्या दारात.

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. छातीत धडधड, कपाळावरून घाम.

"या आजारात... या आजारात असं होतं," म्हणून मी नुसता थरथरता हात पुढं केला.

सर उठले. माझी नाडी धरून घड्याळाकडं पाहू लागले आणि एकदम खूश! "वा! सगळे पाठ करून येतात, हिनं लक्षणं करून दाखवली! बरं, आता उपचार सांग."

दारातून आवाज आला, "उपचार तुमीच सांगा की सर! म्हणून तर नेकनूरहून आणलंय तिला!"

वर्ग बाकं बडवून हसला. आत्या हलेना, तेव्हा सरांनी माझा गळा तपासून रक्ताची चाचणी लिहून दिली. (काही निघालं नाही. आत्या दुसरी लॅब शोधायला निघाली होती.) सरांनी मला लक्षणांचे पैकीच्या पैकी गुण दिले आणि माहितीला शून्य. परीक्षेला बसण्यापुरते ते नेमके पुरले!

परीक्षेच्या तोंडीला मात्र मी पुस्तक घोकून गेले, थायरॉईडवर जराही न थरथरता घडाघडा बोलले, सरांना एकही लक्षण दिसलं नाही, आणि नापास झाले.