आबा बोलले ती दुपार

भूतखेत, संकेत, आतला आवाज... असल्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारा माणूस. रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मोजून बघितल्याशिवाय काही खरं मानत नाही. म्हणजे तसं सांगत तरी फिरायचो!

आम्ही कवठे येमाईचे. मागच्या वर्षी एका सकाळी झेंडू तोडताना माझ्या वडिलांचं, आबांचं, तोंड वाकडं झालं आणि उजवा हातपाय गळाला. चुलते म्हणाले, "लकवा हाय. कबुतराचं रक्त चोळलं की उतरतोय." आणि मी दीडशहाणा, गाडी काढून कबुतर शोधत फिरलो! शिरूरच्या एका लहान दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार झाली. डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय करत होतात?"

तिथं ना स्कॅनचं मशीन, ना मेंदूचा डॉक्टर. अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर. तिनंच शिकवलं — दर दोन तासांनी कूस बदलायची, हातपाय हलवत राहायचे, नाकातल्या नळीतून पातळ भरवायचं. आठ दिवस सगळं केलं. आबांच्या तोंडून एक अक्षर नाही. नवव्या दिवशी मी कंटाळलो... हो, कंटाळलोच. शेजारच्या खाटेवर शकीलाचाचीचा नवरा होता. आबांना तिच्या भरवशावर टाकलं आणि सेकंड शिफ्टची बस धरली.

बसमध्ये मित्रानं विचारलं, "आबा कसे हायेत?"

मी बोलून गेलो, "आता देवानं न्यावं लवकर. त्यांचे बी हाल, आन् आमचे बी."

रांजणगाव यायच्या आत फोन वाजला. चाची हसत होती की रडत होती, कळेना. "दत्तूभाऊ, आबा बोलले वो! आत्ताच! 'दत्तू, एवढ्यात नगं रं' म्हणले. दोन डाव म्हणले! काय नगं म्हनत्यात ते?"

मी सीटवरून उठलोच. म्हणालो, "नळी... नळी नगं म्हणत असतील."

तसाच उतरलो, मिळेल त्या गाडीनं परत गेलो आणि त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. सगळ्या वॉर्डाला वाटलं, आनंदानं रडतोय.

आज आबा काठी टेकत शेतापर्यंत जातात. 'पाणी', 'बास', 'ये' एवढं बोलतात. तसं अख्खं वाक्य मात्र पुन्हा आलं नाही. डॉक्टर म्हणतात, कधी कधी असं एखादं वाक्य अचानक सुटतं. सुटत असेल. पण बसमधलं माझं बोलणं डॉक्टरांना मी सांगितलंच नाही, लाज वाटली. मला तरी याचा उलगडा आजवर झालेला नाही.

परवा व्यायाम करून घेताना धीर करून म्हटलं, "आबा, त्या दिवशी बसमधी मी..."

आबांनी डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला.