शिंगटीचं लंघन

लग्न होऊन मी ठाण्याहून डोंबिवलीला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माहेर टेंभी नाक्याजवळ. तिथे घरात सतत माणसं असायची आणि दोघं बोलायला लागली की तिसरं मध्ये पडायचंच. सासरी आम्ही तिघंच होतो. आमचे हे, मामंजी आणि मी. सासूबाई आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि त्याच सुमारास मामंजी ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झाले होते.

हे सकाळी लवकर ऑफिसला जात ते दिवेलागणीनंतर परत येत. दिवसभर घरात मी आणि मामंजी. ते माझ्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, पण घरात मुलगी अशी कधी नव्हतीच, त्यामुळे काय बोलावं ते त्यांना कळत नसावं. काही हवं असलं तर पडवीच्या दाराशी येऊन भिंतीकडे बघत म्हणायचे, "चहा झाला असेल तर बघावं." मी चहा नेऊन ठेवायची आणि आत यायची. जेवायला बसले की चार घास खाऊन उठायचे. पानात निम्मं अन्न तसंच असायचं. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाही.

नोकरी सुटली तरी सकाळी ठाकुर्लीच्या दिशेने चालत जायची त्यांची सवय सुटली नव्हती. त्या आश्विनात एकदा ते परतले तेव्हा हातात जुना जेवणाचा डबा होता आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. वाटेतल्या भातशेतातलं पाणी आटत आलं होतं. एका डबक्यात करंगळीएवढी शिंगटी मासळी तडफडत होती. ती त्यांनी डब्यात घालून आणली होती. पाठ राखाडी, अंगावर खवले नाहीत, तोंडाशी लांबलचक मिशा.

मागच्या पडवीत पॉवर हाऊसमधल्या बॅटरीचं एक जाड काचेचं चौकोनी भांडं पडून होतं. त्यात कधीकाळी ॲसिड असायचं. मामंजींनी ते दिवसभर सोड्याने घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. तोपर्यंत शिंगटी माझ्या कळशीत होती आणि मी शेजारच्या काकूंकडून पाणी भरायला दुसरी कळशी मागून आणली होती. संध्याकाळी भांड्यात तळाला वाळू, वर विहिरीचं पाणी आणि त्यात शिंगटी, असं सगळं खिडकीत मांडून झालं.

हे घरी आल्यावर बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "बाबांनी कधी मांजरसुद्धा पाळू दिलं नव्हतं आम्हाला."

शिंगटीचं खाणं मामंजींनी स्वतःकडे घेतलं. पॉवर हाऊसच्या भोंग्याबरोबर त्यांचं आयुष्य गेलेलं. तिचंही वेळापत्रक ठरलं. सकाळी पोळीचा चुरा, दुपारी भात, चार वाजता भिजवलेली डाळ, संध्याकाळी परत भात. स्वतःच्या पानातला भात ते बोटांनी मऊ करायचे आणि उठून तिला घालायचे. पहिल्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवसापासून खायला लागली आणि मग जे पडेल ते गिळायला लागली. मामंजींचा चेहरा उजळायचा. "खाते," ते भिंतीला सांगायचे, पण ते मला ऐकू यावं म्हणून असायचं.

पंधरा-वीस दिवसांनी तिचं पोट एका बाजूने फुगलेलं मला दिसलं. मामंजी म्हणाले, "बाळसं धरलंय." दोन दिवसांत पोट इतकं ताठ झालं की कातडी ताणून चकाकायला लागली. शौचाच्या जागी पांढरा धागा लोंबायचा, मग तोही बंद झाला. ती तळाला जाऊ बघायची आणि आपोआप वर यायची. शेपूट वर, डोकं खाली. मिशा पार गळून गेल्यासारख्या. भात टाकला तर तो तिच्या शेजारून खाली जाऊन बसायचा. पाण्याला आंबूस वास येत होता.

मामंजी त्या दिवशी फिरायला गेले नाहीत. दुपारी मी भांडी आवरत होते तर ते फडताळात काहीतरी शोधत होते. एरंडेलाची बाटली घेऊन ते खिडकीशी गेले आणि झाकण उघडलं.

मी पुढे होऊन म्हटलं, "मामंजी, एरंडेल नको."

लग्नाला चार महिने झाले होते. त्यांच्याशी आपणहून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"का?"

"तेल पाण्यावर तरंगेल. तिला वर येऊन श्वासही घेता येणार नाही." मग जे मनात होतं ते बोलून टाकलं. "आणि तिला भात नको. शिंगटी भात खात नाही."

"तुला काय माहीत?"

सांगायला फार जड गेलं. "आईबरोबर मी खूप शिंगट्या साफ केल्यात. पोट फाडलं की आत काय आहे ते दिसतं. भात कधीच नसतो."

आपण लाडाने पाळलेल्या जिवाचे भाऊबंद ही सून विळीवर कापत होती, हे त्यांच्या मनात आलं असणार. मग त्यांनी बाटलीला झाकण लावलं.

"मग काय असतं?"

"बारीक कोळंबी, किडे, गांडुळाचे तुकडे. कधी लहान मासा." मला आठवत गेलं तसं मी सांगत होते. "आणि पुष्कळदा काहीच नसतं. नुसतं रिकामं."

"रिकामं?"

"हो. त्यांना रोज मिळत नसेल."

ते खाली बसले. मी काचेच्या भांड्याजवळ गेले. पाणी बदलायला हवं होतं. विहिरीचं ताजं पाणी गार, म्हणून बादली थोडा वेळ उन्हात ठेवली. शिंगटीला उचलायला गेले तर मामंजी म्हणाले, "थांब, मी घेतो," आणि त्यांनी हात घातला. तिच्या कल्ल्याजवळचा काटा त्यांच्या अंगठ्यात गेला. एवढ्या आजारी जिवाने एवढा जोर लावला याचंच त्यांना बरं वाटलं असावं. अंगठा सुजला, पण त्यांनी हळदही लावू दिली नाही. मी ओल्या फडक्यात धरून तिला उचललं. वाळू काढून धुतली तर तिच्यात किती भात आणि डाळ कुजत पडली होती, ते दोघांनाही दिसलं.

लंघन करायचं ठरलं. तीन दिवस काही घालायचं नाही.

पहिला दिवस निभला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीतून बाहेर आले तर मामंजी खिडकीशी उभे होते. मूठ मिटलेली. त्यांनी मूठ उघडून दाखवली. भाताची चार शितं होती.

"एवढीच," ते म्हणाले.

"नको मामंजी."

"उपाशी ठेवायचं कसं ग?"

तेवढं 'ग' त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं. ते स्टुलावर बसले. शितं मुठीतच होती.

"हिला शेवटी आतड्याचं दुखणं झालं," ते म्हणाले. सासूबाईंबद्दल बोलत होते ते कळायला मला एक क्षण लागला. "डॉक्टर म्हणाले होते, तोंडाने काही द्यायचं नाही. ही पेज मागत होती. दोन दिवस मागत होती. मी दिली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना." त्यांनी मुठीकडे बघितलं. "तिसऱ्या दिवशी मागायचं बंद झालं. मला वाटलं, आता आराम पडतोय."

मी त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी शितं माझ्या तळहातावर ठेवली. मी ती मागच्या अंगणात चिमण्यांना टाकून आले. परत आले तेव्हा ते तसेच बसलेले होते. मी पाट घेऊन दारात बसले आणि तांदूळ निवडायला घेतले. त्या दुपारी आम्ही दोघं एकाच खोलीत बसलो, एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोट तसंच होतं. मामंजी आमच्या ह्यांच्यासमोर मला म्हणाले, "ठाण्याला तुमच्याकडे मासळी घेऊन कोळीण येते ना? तिला विचारून ये. आजच जा."

आमचे हे चहा पिता पिता थांबले. सुनेला माहेरी धाडायचं हे असलं कारण त्यांनी ऐकलं नव्हतं.

मी एकटी माहेरच्या दारात उभी दिसले तशी आईने हातातली परात खाली ठेवली. "काय झालं? भांडलात का?" मी म्हटलं, "नाही. मामंजींच्या शिंगटीचं पोट फुगलंय." आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. सगळं सांगितल्यावर मात्र ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्या बायका बघायला आल्या.

कोलशेतहून येणारी कोळीणमावशी दुपारी आली. टोपली उतरवून ती पायरीवर टेकली. माझ्या लहानपणापासून ती आमच्याकडे यायची. ती हसली नाही. नीट ऐकून घेतलं आणि उलट प्रश्न विचारले. पाणी किती खोल? उजेडात ठेवलंय का? लपायला काय हाय?

"खिडकीत ठेवलंय," मी म्हटलं.

"अगं, ती मासली चिखलातली. तिला काळोख लागतो. तू तिला उन्हात ठेवून जेवन घालतंस, ती घाबरून गिलते." मग तिने एकेक सांगितलं. पाणी वीतभरच ठेव, म्हणजे तिला वर यायला जोर पडणार नाही. फुटक्या मडक्याचा तुकडा आत घाल. पोट उतरेपर्यंत काही देऊ नको. उतरलं की गांडूळ चिरून, दिवे लावायच्या वेळेला, आणि तेही रोज नाही.

"किती द्यायचं?"

"तिचा डोला केवरा हाय?" तिने आपल्या डोळ्याजवळ बोट नेलं. "तेवराच घास. दोन घास दे न् बस कर." टोपली डोक्यावर चढवताना ती म्हणाली, "सासऱ्याला सांग, मासली उपाशी मरत नाय. जास्त घातलं तर मरते."

हे शेवटचं वाक्य मी मामंजींना सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. त्यांनी ते पॉवर हाऊसच्या जुन्या नोंदवहीच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. काचेचं भांडं खिडकीतून उचलून कोपऱ्यात, माठाच्या आडोशाला ठेवलं. पाणी वीतभर. मडक्याचा तुकडा घातल्याबरोबर शिंगटी वेडीवाकडी धडपडत त्याच्याखाली जाऊन बसली. पोट वर ओढत होतं, पण मडक्याची कड तिला खाली धरून होती.

पाचव्या दिवशी सकाळी मी सडा घालत होते तर आतून हाक आली, "अगं, इकडे ये." मी धावत गेले. तळाला काळपट, लांब काहीतरी पडलं होतं. मामंजी त्याच्याकडे असे बघत होते की जणू कुणी पेढे आणून ठेवलेत. संध्याकाळपर्यंत पोटाची एक बाजू बसली. दुसऱ्या दिवशी ती मडक्याबाहेर आली आणि वाळूवरून मिशा फिरवत सगळ्या भांड्याची एक फेरी मारून परत आत गेली.

मग आमचं एक नवं काम सुरू झालं. विहिरीच्या पाणवठ्याशी केळीखाली ओली माती होती. एक दिवसाआड तिथे मामंजी खुरप्याने उकरायचे आणि मी गांडूळ करवंटीत घ्यायची. चिरायचं काम माझं. त्यासाठी वेगळी जुनी विळी. दिवे लावले की ते मला आवाज द्यायचे, मी दोन तुकडे टाकायची आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. मिशा आधी बाहेर यायच्या. मग एका झटक्यात तुकडा नाहीसा व्हायचा. थंडी पडली तसं तिचं खाणं कमी झालं. मी म्हटलं, "असू दे, गारठ्यात भूक मंद होते." त्यांनी मान हलवली आणि भात वगैरे काही काढला नाही.

त्यांचं स्वतःचं जेवण एकदम सुधारलं असं नाही. पण पानातलं उचलून नेऊन घालायला आता कुणी नव्हतं. कधी ते भात संपवायचे, कधी थोडा ठेवायचे. एकदा आमटीकडे बघत म्हणाले, "ही यात ओलं खोबरं घालायची." मी दुसऱ्या दिवशी घातलं. "जरा जास्त झालं," ते म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढच्या श्रावणापर्यंत शिंगटी वितीहून मोठी झाली. त्या भांड्यात तिला वळायला जागा उरली नव्हती. वळताना मिशा काचेला घासायच्या. मामंजींनी आठवडाभर तिच्याकडे बघितलं आणि एका रविवारी यांना म्हणाले, "हिला ओढ्यात सोडून येतो." हे चपला घालायला उठले, तर म्हणाले, "तू कशाला? सूनबाई येईल."

कापडाने तोंड बांधलेली कळशी मी कमरेवर घेतली होती. आळीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या, सासरा पुढे आणि सून मागे, हातात पूजेचं काही नाही. शेतं संपत आली तसे मामंजी जरा थांबून माझ्या बरोबरीने चालायला लागले. पॉवर हाऊसमध्ये पहिल्यांदा कामावर गेले तेव्हा यंत्रांच्या आवाजाने त्यांना रात्रभर कानात घुमल्यासारखं व्हायचं, सासूबाई कानात कोमट तेल घालायच्या, आणि नवऱ्याला ऐकू येत नाही म्हणून स्वतःही ओरडून बोलायला लागल्या होत्या, असं ते सांगत होते. सांगताना त्यांना हसू येत होतं. ओढ्याशी पोचून मी गुडघाभर पाण्यात उतरले, कळशी तिरकी केली. ते काठावरून सांगतच होते. "शेजारी म्हणायचे, यांच्याकडे रोज भांडण होतं," ते म्हणाले. मी हसून वर बघितलं. कळशी केव्हाच हलकी झाली होती आणि शिंगटी कुठल्या बाजूला गेली ते आम्हा दोघांनाही बघता आलं नाही.