स्टेम सेलच्या खुर्चीशेजारून

आमच्या खोलीत किस्से साठतात, त्याला कारण आहे. डोनरच्या दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, स्टेम सेल तेवढे बाजूला निघतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास हलायचं नाही. मग चालतं ते फक्त तोंड! आणि मी तिथली टेक्निशियन, म्हणजे हक्काची श्रोती.

*

स्टेम सेल हाडांतून रक्तात उतरावेत म्हणून आधी काही दिवस इंजेक्शनं देतात. त्यानं हाडं दुखतात. शिवाजी पेठेतला एक फुटबॉलवाला थोरल्या भावासाठी आलेला. चौथ्या दिवशी चेहरा पाडून उभा.

"मॅडम, शेजारचा कण्हतोय. माझं कायच दुखत न्हाय!"

"बरं आहे की मग!"

"बरं कसलं? माल तयार हुईना म्हणजे!"

रिपोर्टात पेशी भरपूर निघाल्या, तेव्हा कुठे गडी हसला.

*

नेसरीचे बाळूदादा गावात दूध डेअरी सांभाळायचे. आता पेशंट, जंतू लागू नयेत म्हणून काचेच्या खोलीत एकटेच. रक्तातला सीआरपी वाढला की अंगात कुठेतरी सूज किंवा जंतू, एवढं त्यांना ठाऊक झालेलं. रोज सकाळी विचारायचे, "आज फॅट किती लागली?"

आकडा चढला की म्हणायचे, "डेअरीत वाढली तर पेढं वाटतो आम्ही. हितं मातूर तुमची तोंडं पडत्यात!"

सगळ्यांना हसवायचे. मग बराच वेळ दाराकडे बघत बसायचे.

*

डोनर म्हणून तपासणीत त्यांच्याशी जुळली ती एकटी धाकटी बहीण, शालन. स्वतःच्या मनानं लग्न करून बिद्रीला गेली, तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. इंजेक्शनांनंतर तिचाच सीआरपी वाढला. डॉक्टरांनी सेल काढणं थांबवलं. तिनं माझा हात धरला.

"ताई, परत पाठवू नका. अकरा वर्सांनी बोलावलंय मला."

जंतू कुठेच सापडले नाहीत, वाढ इंजेक्शनांचीच होती. दुसऱ्या दिवशी ती पाच तास खुर्चीत बसली. मला तिचा हेवा वाटला. माझाही भाऊ दूर आहे, पण त्याला माझ्याकडून काहीच नको असतं.

*

बाळूदादांना सेल चढवून झाले. बिद्रीला निघण्याआधी शालन काचेपाशी आली. दोघांच्या कानाला मोबाईल. तिनं आपला स्पीकरवर टाकून माझ्याकडे दिला आणि रिकाम्या हातांनीच काचेबाहेरून भावाला ओवाळायला लागली. बाळूदादांनी केस गेलेल्या डोक्यावर गडबडीनं टॉवेल घेतला.

"ओवाळणी काय घालू गं?"

"'घरला ये' म्हण. बास."

"म्हणतो की! पर आधी मला तर ने घरला!"